भरले शिंग, बंद नदी

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या चौरंगामागे जी तसबीर मांडली जाई, ती रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या एका चित्राची कुणीतरी केलेली नक्कल होती. कमळात उभी राहिलेली चतुर्भुज लक्ष्मी, मागे पाणी आणि बाजूला हत्ती. काचेच्या आत कसर शिरून हत्तीचा एक कान खाऊन गेली होती. पण आजीच्या लेखी त्यामुळे लक्ष्मीच्या वैभवाला काही उणेपण आलेले नव्हते.

१९७० नंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून उतरणाऱ्या आणि बोटीत चढणाऱ्या मालाची खेप न् खेप मोजून वहीत टिपायची, हा त्यांचा जन्माचा उद्योग. त्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून त्यांनी फटाक्यांबरोबर एक भलतीच वस्तू घरी आणली. रशियन पुस्तकांच्या एका प्रदर्शनात अगदी स्वस्तात मिळालेला, लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयातील चित्रांचा जाडजूड संग्रह! गुळगुळीत कागद आणि त्याला येणारा तो शाईचा परका वास अजून माझ्या नाकात आहे. फराळाचे ताट बाजूला सारून मी पाने उलटू लागलो आणि एका पानावर थबकलो. थबकण्याचे कारण वाचकांना सांगायला हवे असे नाही. त्या वयात तेवढ्या उघड्या अंगाची बाई पुस्तकात दिसणे हीच मोठी घटना होती. आजी शेजारीच चकल्या मोजत बसली होती. पान झाकायचे राहून गेले.

“ही कोण रे?” आजीने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. देवळांच्या भिंतींवरच्या मूर्ती तिने काही कमी पाहिल्या नव्हत्या.

खालच्या इंग्रजी ओळी लावून मी म्हणालो, “पृथ्वी. आणि हा तिच्याजवळचा दाढीवाला म्हणजे समुद्र. दोघांचं लग्न आहे.”

“आणि हातात ते काय?”

“शिंग. फळांनी भरलेलं.”

“शिंगात फळं कशी राहतील? सूप घ्यावं, परडी घ्यावी.” एवढे बोलून ती पुन्हा चकल्यांकडे वळली.

अण्णांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ ते चित्र न्याहाळले. माल तपासण्याची त्यांची नजर होती ती. मग म्हणाले, “समुद्र आहे, जमीन आहे, माल आहे. बोट कुठं आहे?”

आजीच्या आणि अण्णांच्या त्या दोन प्रश्नांनी पुढे माझा बराच काळ खाल्ला. कलेच्या इतिहासाची मोठमोठी पुस्तके वाचताना अनेकदा असे जाणवले की, चौरंगापाशी बसलेल्या त्या दोन माणसांनी नेमके बोट ठेवायचे तिथेच ठेवले होते.

चित्र रुबेन्सचे. पीटर पॉल रुबेन्स, अँटवर्पचा. १६१८ च्या सुमारास त्याने ते रंगविले आणि ‘पृथ्वी आणि जल यांचे मीलन’ अशा नावाने ते ओळखले जाते. उंची सव्वादोन मीटरच्या आसपास, रुंदी पावणेदोनच्या थोडी वर. पुस्तकात जे हातभर होते ते प्रत्यक्षात माणसापेक्षा उंच आहे. एका बाजूला सिबिली, भूमीची देवता. दुसऱ्या बाजूला त्रिशूळधारी नेपच्यून. दोघांचे हात एकमेकांत. सिबिलीपाशी ते फळांनी ओसंडणारे शिंग. दोघांच्या मधून कलशातले पाणी खाली वाहते आहे. एका कडेने वाघ तोंड काढतो. वर पंखांची विजयदेवता मुकुट घेऊन आली आहे. खाली पाण्यातून वर आलेला ट्रायटन गाल फुगवून शंख फुंकतो आणि दोन पोरे पाण्यात डुंबत आहेत. लग्नघरातल्या वाजंत्र्यांपासून मांडवात लुडबुडणाऱ्या पोरांपर्यंत सगळा सरंजाम झाला की! रुबेन्सच्या हाताखाली कातडीला जो गुलाबी-मोतिया रंग येतो तो इथेही आहे. अंगे भरलेली, फळे भरलेली, पाणी भरलेले. रिकामी अशी जागा या चित्रात शोधून सापडत नाही.

आधी आजीच्या प्रश्नाचे बघू. शिंगच का?

ग्रीक पुराणांत त्याची एक सोडून दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर बाळलीलेचे. क्रोनस नावाचा बाप आपली पोरे जन्मताच गिळून टाकी. (कंस निदान भाचे मारीत होता!) म्हणून झ्यूसला क्रीट बेटावरच्या गुहेत लपवून ठेवले आणि अमाल्थियाच्या बकरीच्या दुधावर तो वाढला. त्या बकरीचे शिंग एकदा झाडावर आपटून मोडले. त्या मोडक्या शिंगात फळे भरून ते बाळासमोर धरले गेले आणि पुढे देवराज झालेल्या त्या बाळाने दूध पाजणारीला आणि तिच्या शिंगाला आकाशात स्थान दिले. रोमन कवी ऑव्हिड याने ही कथा आपल्या सणवारांच्या काव्यात सांगितली आहे.

दुसरी कथा त्याच ऑव्हिडने दुसऱ्या काव्यात घातली, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. अकिलोअस ही ग्रीसमधली एक मोठी नदी. तिकडे नद्या पुरुष असतात. आपल्याकडे ब्रह्मपुत्र आणि शोण आहेत तसे. हा अकिलोअस डायानिरा नावाच्या राजकन्येवर भाळला. हर्क्युलिसही तिच्याच मागे होता. दोघांची कुस्ती जुंपली. नदी ती, हातात कशी सापडणार? आधी तो सापासारखा वळवळत निसटला, मग बैल होऊन अंगावर आला. हर्क्युलिसने त्याचे शिंग धरले आणि मुळापासून उपटून काढले. जलदेवतांनी ते उचलले, फळाफुलांनी भरले आणि समृद्धीच्या स्वाधीन केले. गंमत म्हणजे ही सारी हकीकत ऑव्हिडने पराभूत अकिलोअसच्याच तोंडी घातली आहे. तो पाहुण्यांना जेवायला बसवून आपल्या फजितीची कथा सांगतो आणि शेवटी ते शिंग भरून फळे वाढायला येते! रुबेन्सला ही मेजवानी ठाऊक होती. १६१५ च्या सुमारास त्याने आणि यान ब्रूगेलने मिळून ती रंगविली आणि ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

परंतु या कथेची चिरफाड करणाराही एक जण दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. स्ट्राबो हा भूगोलकार. त्याने नोंदवून ठेवले आहे की, काही जाणत्या लोकांच्या मते साप म्हणजे नदीची वळणे, बैल म्हणजे तिच्या पाण्याची डरकाळी आणि शिंग मोडणे म्हणजे बांध घालून, कालवे काढून तिचे पात्र आवरणे. हर्क्युलिसने ते केले, पाण्याखालची जमीन मोकळी झाली, पीक आले. शिंग भरले ते असे.

म्हणजे आजीच्या प्रश्नाला उत्तर असे की, सूप किंवा परडी चालली नसती. हे भांडे नव्हेच, हा नदीचा तुटलेला अवयव आहे. समृद्धी नदीपासून हिसकावून घ्यावी लागते आणि नदी ज्याच्या ताब्यात, शिंग त्याच्या हातात. अँटवर्पच्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको होते. त्याच्या गावाची स्वतःची पुराणकथाही अशीच मोडतोडीची होती. शेल्डे नदीच्या काठावर अँटिगून नावाचा राक्षस राहत असे. येणाऱ्या-जाणाऱ्या नावाड्यांकडून तो जकात घेई आणि जकात न देणाऱ्याचा हात तोडून टाकी. ब्राबो नावाच्या रोमन वीराने राक्षसाचाच हात तोडला आणि नदीत भिरकावला. गावाला नाव पडले ते त्या हातफेकीवरून, असे तेथले लोक सांगतात. भाषापंडितांना ही व्युत्पत्ती पटत नाही. पण पंडितांना विचारून कुठले गाव आपले पुराण ठरवते? गावाच्या चिन्हात हात आहेत, नगरभवनापुढच्या चौकात १८८७ पासून हात भिरकावणाऱ्या ब्राबोचे कारंजे आहे आणि तिकडच्या दुकानांत हाताच्या पंजाच्या आकाराची बिस्किटे मिळतात. नदीवर जकात घेणारा राक्षस, ही त्या गावाची सर्वांत जुनी भीती. ती १५८५ मध्ये खरी झाली.

आता अण्णांची बोट.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर अँटवर्पसारखे बंदर उत्तर युरोपात दुसरे नव्हते. वस्ती लाखाच्या घरात. १५३१ मध्ये तिथे व्यापाऱ्यांसाठी खास नवी पेठ बांधली गेली. तिथे इंग्रज कापड आणीत, जर्मन सावकार चांदी-तांबे आणीत आणि पोर्तुगीज मिरी आणीत. या मिरीचा धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. १५०१ मध्ये पोर्तुगालहून मसाल्याचा पहिला माल अँटवर्पला पोचला. १५१० मध्ये गोवा पडला आणि मलबार-गोव्याकडून लिस्बनला गेलेल्या मालाचा मोठा हिस्सा शेल्डेच्या धक्क्यावर विकला जाऊ लागला. समुद्रापासून सुमारे ऐंशी किलोमीटर आत असलेले हे शहर, भरतीच्या पाण्यावर गलबते थेट वेशीपर्यंत येत म्हणून जगाचे झाले होते.

आणि मग धर्मयुद्ध. नेदरलँड्सचा राजा स्पेनचा फिलिप, कट्टर कॅथॉलिक. प्रजेतले कित्येक प्रॉटेस्टंट. १५६६ मध्ये जमावाने चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश शिपायांनी अँटवर्प लुटले, जाळले, माणसे कापली. ऐन बांधलेले नगरभवनसुद्धा सुटले नाही. नंतर शहर बंडखोरांच्या बाजूला गेले तेव्हा पार्माचा ड्यूक अलेक्झांडर फार्नेसी वेढा घालून बसला आणि त्याने नदीवर होड्या साखळीने जोडून पूलच बांधला. आतल्यांनी दारूने भरलेली जहाजे सोडून तो पूल उडवला, शेकडो माणसे एका स्फोटात गेली; पण पूल पुन्हा जोडला गेला. १७ ऑगस्ट १५८५ रोजी शहराने हात टेकले.

विजय स्पेनचा झाला, पण नदी हातची गेली. कारण शेल्डेचे मुख होते झीलंडमध्ये आणि झीलंड डच बंडखोरांकडे. त्यांनी खाली किल्ले आणि युद्धनौका ठेवल्या. समुद्रातून आलेल्या गलबताने पुढे जायचे नाही; माल उतरवायचा, जकात भरायची, आणि तो लहान होड्यांतून वर न्यायचा. अण्णांसारख्या माणसाला याचा अर्थ एका क्षणात कळला असता: दोनदा हाताळणी, दोनदा हमाली, वर जकात. असा माल बाजारात कोण घेणार? प्रॉटेस्टंटांना शहर सोडायला चार वर्षांची मुदत दिली होती. व्यापारी गेले, विणकर गेले, छापखानेवाले गेले. अॅमस्टरडॅमचे भाग्य या निर्वासितांनी उघडले. १५८९ मध्ये अँटवर्पमध्ये उरली होती बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे.

आणखी एक घाव तिकडे गोव्यातून बसला. यान हाउखेन व्हान लिन्स्कोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ पासून १५८८ पर्यंत गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने वारे, वाटा, बंदरे, मालाचे भाव, सारे टिपून नेले आणि १५९६ मध्ये त्याचा ग्रंथ अॅमस्टरडॅमला छापून निघाला. पोर्तुगीजांनी जपलेले गुपित चव्हाट्यावर आले. डच गलबते आता स्वतःच पूर्वेला जाऊ लागली. मिरीला अँटवर्पची गरजच उरली नाही.

या ओसाडीच्या तोंडावर रुबेन्स मोठा झाला. त्याचा बाप यान हा अँटवर्पचा वकील. प्रॉटेस्टंट मताचा संशय आल्यामुळे १५६८ मध्ये बायकापोरांसह जर्मनीत पळाला. तिथे त्याने ऑरेंजच्या विल्यमच्या बायकोशी भलतेच संधान बांधले आणि तुरुंगात पडला. त्याला सोडवले ते त्याच्या बायकोने, पत्रांवर पत्रे लिहून. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईच्या पोटी १५७७ मध्ये पीटर पॉल जन्मला. बाप वारल्यावर ती मुलांना घेऊन अँटवर्पला परतली. १६०० ते १६०८ रुबेन्स इटलीत होता. आई शेवटच्या आजारात असल्याचे कळून घोड्यावर बसला, पण भेट झाली नाही. मन इटलीकडे ओढत होते, तरी तो अँटवर्पला राहिला. कारण १६०९ मध्ये वारे फिरले असे सर्वांना वाटले. स्पेन आणि डच यांच्यात बारा वर्षांचा तह झाला आणि त्यावर सह्या झाल्या त्या अँटवर्पमध्येच.

या तहासाठी नगरभवनातील एका दालनात दोन चित्रे मुद्दाम लावली गेली. एक रुबेन्सचे, बाळ येशूला नजराणे आणणाऱ्या तीन राजांचे. दुसरे अब्राहम यान्सेन्सचे. त्यात शेल्डे नदीचा देव अँटवर्प नावाच्या तरुणीला काय देतो आहे? फळांनी भरलेले शिंग! वाटाघाटीला आलेल्या पाहुण्यांना भिंतीवरून सांगितलेले ते गाऱ्हाणे होते. पाहुण्यांनी चित्रे पाहिली, तहावर सह्या केल्या आणि नदी बंदच ठेवली. रुबेन्सचे चित्र तर शहराने १६१२ मध्ये एका स्पॅनिश दरबाऱ्याला भेट देऊन टाकले. वजन पडावे म्हणून हातातली चांगली वस्तू देण्याची रीत सर्वत्र सारखीच.

‘पृथ्वी आणि जल यांचे मीलन’ हे चित्र या तहाच्या काळातले, त्याची मुदत संपायला तीन-एक वर्षे उरली असतानाचे. नेपच्यून म्हणजे समुद्र, सिबिली म्हणजे भूमी, हा झाला सर्वांसाठीचा अर्थ. पण अँटवर्पच्या माणसाला त्यात आपले बिनसमुद्राचे शहर आणि शहराकडे न येणारा समुद्र दिसल्यावाचून कसा राहील? जाणकारही तोच अर्थ लावतात. समुद्राचा हात धरल्यावाचून शिंग भरत नाही. विजयदेवता, मुकुट, शंख हा सगळा थाट अजून न झालेल्या लग्नाचा आहे. पत्रिका छापून तयार, नवरा वेशीबाहेर अडवलेला.

त्या वेळचे शहर दिसत कसे होते हे एका परक्या माणसाने लिहून ठेवले आहे. हेगमधला इंग्रज वकील डडली कार्ल्टन १६१६ मध्ये अँटवर्पला आला. शहराच्या देखणेपणावर तो लुब्ध झाला, आणि त्याच पत्रात त्याने कळवले की, एखाद्या रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकावी तर चाळीस माणसेसुद्धा एका वेळी दिसत नाहीत, गाडी किंवा घोडेस्वार दृष्टीस पडला नाही आणि कित्येक रस्त्यांत गवत उगवले आहे. मोठे शहर, मोठे एकांतस्थान! दोनच वर्षांनी, म्हणजे आपले चित्र तयार होत होते त्याच सुमारास, याच कार्ल्टनशी रुबेन्सने एक मोठा सौदा केला. कार्ल्टनच्या संग्रहातले प्राचीन संगमरवरी पुतळे रुबेन्सने घ्यायचे आणि त्या बदल्यात चित्रे द्यायची. रुबेन्सची त्या वेळची पत्रे वाचण्यासारखी आहेत. कोणते चित्र सर्वस्वी आपल्या हातचे, कोणते शिष्याने करून आपण सुधारलेले, कोणत्यातला गरुड स्नायडर्सचा, हे सारे त्यात चोख मांडले आहे. टॅली क्लार्कने पाठ थोपटावी असा हिशेब.

इथे मला एक गोष्ट लक्षात आली आणि ती माझी मला फार आवडते. शेल्डे बंद होती, पण गुंडाळलेल्या कॅनव्हासला नदी लागत नाही. धान्य, कापड, मिरी यांना गलबत हवे. चित्र वळकटी करून गाडीत टाकले की मॅड्रिडला जाते, रोमला जाते. म्हणून नदी गेलेल्या त्या शहराने चित्रे, गालिचे, पुस्तके, हिरे, लेस, म्हणजे वजनाला हलका आणि किमतीला भारी माल जगाला विकला. मूर्तिभंजनात उजाड झालेल्या चर्चना नवी चित्रे हवी होती तीही त्याच कारखान्यांतून गेली. त्यामुळे कार्ल्टनचे गवत खरे असले तरी शहर मेलेले नव्हते. रुबेन्सचा स्वतःचा वाडा, बाग, पुतळ्यांचे दालन पाहिले तर हा कोणी उपाशी गावचा कलावंत आहे असे मुळीच वाटत नाही. माणसे अर्धी, रस्ते ओस, आणि घराघरांत समृद्धीची चित्रे रंगवणे चालू! या विरोधाला ढोंग म्हणावे काय? पूर्वी मी म्हणत असे. आता म्हणवत नाही.

कारण या माणसाने नुसती चित्रे काढली नाहीत. १६२१ मध्ये तह संपला, युद्ध पुन्हा पेटले. १६२६ मध्ये त्याची पहिली बायको इसाबेला गेली आणि त्याने स्वतःला राजकारणाच्या वकिलीत लोटले. १६२७ च्या एका पत्रात तो लिहितो की, आमचे शहर क्षय झालेल्या देहासारखे हळूहळू झिजत आहे, दररोज माणसे कमी होत आहेत. १६२८ मध्ये तो मॅड्रिडला गेला, १६२९ मध्ये लंडनला. स्पेन आणि इंग्लंड यांच्यात सलोखा झाला तर डचांवर दाब येईल, तह होईल, आणि मग कदाचित नदी सुटेल, असा लांबचा हिशेब. लंडनमध्ये त्याने चार्ल्स राजाला एक चित्र दिले. त्यात मिनर्व्हा युद्धदेवतेला मागे रेटते आहे आणि पुढे मुलांसमोर कोण काय धरून बसले आहे? पुन्हा ते भरलेले शिंग! १६३० मध्ये चार्ल्सने त्याला सरदारकी दिली, त्याच वर्षी स्पेन-इंग्लंड तहही झाला. शेल्डे होती तशीच राहिली.

१६३५ मध्ये स्पेनच्या राजाचा भाऊ फर्डिनांड नवा सुभेदार म्हणून अँटवर्पला येणार होता. शहराने स्वागतकमानींचे काम रुबेन्सवर सोपवले. अशा वेळी कमानींवर काय असते ते आपण जाणतोच: पाहुण्यांचे पराक्रम, पूर्वजांचे पराक्रम आणि उरलेल्या जागेत पुन्हा पाहुण्यांचे पराक्रम. रुबेन्सने तेही केले. पण सेंट जॉन पुलापाशी, म्हणजे पाण्याशीच, त्याने एक मंच असा उभारला की, जो स्वागत कमी आणि अर्ज जास्त होता. मध्यभागी मर्क्युरी, व्यापाराचा देव, पाय उचलून शहरातून निघून चालला आहे. अँटवर्प गुडघे टेकून विनवते आहे. शेल्डेचा देव झोपला आहे आणि त्याच्या पायात बेडी आहे. एका अंगाला समृद्धी, तर दुसऱ्या अंगाला दारिद्र्य, भुकेल्या पोराला कंदमुळे भरवणारे. राजपुत्राची मिरवणूक त्यापुढून गेली. कमानींची ही एवढी धावपळ उरकून रुबेन्स मात्र त्या दिवशी संधिवाताने घरात पडून होता. पाच वर्षांनी, ३० मे १६४० रोजी तो वारला.

पुढचे लवकर सांगतो. १६४८ मध्ये मुन्स्टरचा तह झाला आणि शेल्डे बंद ठेवण्याचे कलमच त्यात घातले गेले. इतके दिवस बळजबरीने होते ते आता सहीशिक्क्याने झाले. त्याच वर्षी अॅमस्टरडॅमने आपले नवे नगरभवन बांधायला घेतले. त्याच्या माथ्यावर समुद्रदेवता अॅमस्टरडॅमला मुजरा करताना कोरायच्या होत्या. कोरल्या कोणी? आर्टस क्वेलिनस याने. राहणार मूळचा अँटवर्पचा! १७८४ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने नदी उघडी करण्यासाठी एक जहाज पाठवले. डचांनी तोफ डागली, गोळा म्हणे जहाजावरच्या रश्श्याच्या पातेल्याला लागला आणि सम्राटाचे आरमार शरण आले. इतिहासात याला पातेल्याची लढाई म्हणतात. दुसऱ्या वर्षी सम्राट एक कोटी गिल्डरवर समजूत पटवून घेऊन गप्प बसला. फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने १७९५ मध्ये एकदाची नदी मोकळी केली. बेल्जम स्वतंत्र झाल्यावरही डचांची जकात चालूच होती. ती १८६३ मध्ये रोख रक्कम मोजून कायमची विकत घेतली, तेव्हा अँटिगून राक्षस खरा मेला. आज अँटवर्प हे रॉटरडॅमच्या खालोखाल युरोपातले मोठे बंदर आहे.

१९९६ मध्ये कामानिमित्त मला पीटर्सबर्गला जाण्याचा योग आला आणि एक मोकळा दिवस मी हर्मिटाजला दिला. बाहेर नेव्हा नदी गोठलेली. आत ते चित्र. रोममधल्या किजी घराण्याच्या संग्रहातून अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस ते तिथे आले. पुस्तकातल्या छपाईने पिवळे केलेले अंग प्रत्यक्षात मोत्यासारखे होते आणि कलशातले पाणी ओले वाटत होते. मी कोपरान्‌कोपरा तपासला. बोट नव्हती.

ती सापडली दुसऱ्या एका लहानशा फळीवर. त्या १६३५ च्या मंचासाठी रुबेन्सने स्वतः केलेला कच्चा आराखडाही त्याच संग्रहालयात आहे. इंग्लंडच्या वॉल्पोल घराण्याच्या संग्रहाबरोबर राणी कॅथरिनने तो १७७९ मध्ये विकत घेतला. भराभर ओढलेले ब्रशचे फटकारे, मर्क्युरीचा उचललेला पाय, बेडीतला नदीदेव. आणि एका बाजूला बेकार खलाशी व त्याची पालथी पडलेली होडी. लग्नाच्या चित्रात जी नव्हती ती सतरा वर्षांनी या अर्जात आली होती.

त्या आराखड्याची एक छापील प्रत मी घरी आणली. अण्णा तोवर निवृत्त होऊन देवगडच्या घरी राहायला गेले होते. आजी नव्हती, तिची तसबीर, एका कानाचा हत्ती धरून, त्याच चौरंगामागे होती. मी अण्णांना सगळी कथा सांगितली, नदी कशी बंद केली, माणसे कशी गेली, आणि शेवटी होडीवर बोट ठेवून म्हणालो, “ही बघा तुमची बोट. उलटी पडलेली.”

त्यांनी चष्मा वर सरकवला.

“उलटी पडलेली नाही,” ते म्हणाले. “पालथी घातलेली आहे. पावसाळ्यात आपल्याकडे घालत नाहीत का? बुडाला चुना-तेल चोपडायचं असलं की अशीच ठेवतात.”